शंका असू द्या

मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून केलेला योग हा योगच नव्हे, असं एका ज्येष्ठ योगशिक्षकांनी अमरावतीतल्या एका व्याख्यानात सांगितलं आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. त्यांचं पुढचं वाक्य मला जास्त लागलं. गुरूचा हात पाठीला लागल्याशिवाय ही विद्या उतरत नाही, तेव्हा घरात बसून लिंकवर आसनं करणाऱ्या बायकांना जो आत्मविश्वास आल्यासारखा वाटतो तो भ्रम आहे, असं ते म्हणाले. त्यांचं नाव घेत नाही. त्यांच्याविषयी आदर आहे, आणि हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. अकोल्यात जठारपेठेतल्या गप्पांमध्ये, परतवाड्यात लग्नाच्या पंगतीतही मी हेच ऐकलं आहे. म्हणून उत्तर सविस्तर द्यायला हवं.

हा योग आमच्या घरांत शिरला कसा, ते आधी आठवू. करोनाची दुसरी लाट देशात पोचण्याआधी वऱ्हाडात पोचली. 22 फेब्रुवारी 2021 पासून अमरावती आणि अचलपूर आठवडाभर बंद झालं. अकोला, अकोट, मूर्तिजापूर इथंही निर्बंध आले. वडाळी तलावाकडचं सकाळचं फिरणं थांबलं, हॉलमधले वर्ग थांबले. घरात आजारी माणूस, बाहेर रुग्णवाहिकेचा आवाज आणि खाटेसाठी चाललेले फोन. त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सकाळी सहाची लिंक यायची. नागपूरच्या सौरभ बोथरा यांचा 'हॅबिल्ड' हा ऑनलाइन योगवर्ग आणि त्यासारखे कितीतरी लहानमोठे वर्ग त्या काळात इकडच्या स्वयंपाकघरांत पोचले. टाळेबंदी उठली तरी लिंक यायची थांबली नाही.

अमरावतीच्या राजापेठेत आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं जाड, गुडघे कुरकुरणारे. पूर्वी एका वर्गाला गेल्या होत्या. मागच्या रांगेत उभ्या राहिल्या, वाकताना तोल गेला, पुढच्या दोघी वळून हसल्या. पुन्हा गेल्या नाहीत. टाळेबंदीत सुनेनं लिंक लावून दिली. कॅमेरा बंद, दार लोटलेलं, फरशीवर सतरंजी. आज त्या रोज करतात. कसं जमलं म्हणून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मले जमते का नाही थे पाहाले कोनीच नव्हतं, म्हनून तं जमलं."

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. आपल्याकडे व्यायाम ही नेहमीच पाहण्याची गोष्ट राहिली. आखाड्याला कडं करून लोक उभे राहणार, मल्लखांबावरच्या पोराला गाव दाद देणार. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. त्या मातीचा मला अभिमान आहे. पण ज्याचं शरीर पाहण्यासारखं नाही असं त्याला लहानपणापासून सांगितलं गेलं, त्यानं त्या कड्यात पाय कसा ठेवायचा? वऱ्हाडातल्या हजारो बायकांच्या मनातली 'मला नाही जमणार' ही भावना कुणाच्या तरी नजरेतून आलेली आहे. ती नजर दाराबाहेर राहिली तेव्हा शरीर हललं. याला भ्रम म्हणणाऱ्यांनी ते शरीर आतून कधी पाहिलेलं नाही.

आता गुरूच्या हाताविषयी. आधुनिक काळात योग पसरला तो मुख्यतः हाताविना. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आधी संस्थानातल्या शाळांत नेले आणि मग पुस्तकातून जगभर. ज्यांनी ते पुस्तक वाचून नमस्कार घातले, त्यांतल्या बहुतेकांनी राजेसाहेबांना कधी पाहिलं नसेल. पुण्यात राहून बी. के. एस. अय्यंगार यांनी 1966 साली जे पुस्तक जगाला दिलं, त्यात सुमारे 600 छायाचित्रं आहेत. समोर शिक्षक नसलेल्या माणसासाठीच ती काढलेली. आणि आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. तुकडोजी महाराजांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज उभारलं. सामुदायिक ध्यान आणि सामुदायिक प्रार्थना गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांनी नेमानं चालवली. महाराज प्रत्येक गावात कुठून असणार? ठरलेली वेळ आणि आपल्यासारखीच इतर गावंही आत्ता बसली आहेत ही जाणीव, एवढ्यावर माणसं बसत होती.

पतंजलींच्या योगसूत्रांत अभ्यासाला तीन अटी घातल्या आहेत. तो दीर्घकाळ असावा, खंड न पडता असावा, आदरानं केलेला असावा. गुरू शेजारी उभा असावा ही अट त्यात नाही. राजापेठेतल्या बाई तिन्ही अटी पुऱ्या करतात.

इथवर मी ऑनलाइन वर्गांच्या बाजूनं भांडलो. यापुढे त्यांच्याशीच भांडायचं आहे, कारण त्यांच्या जाहिराती वाचून मला तितकाच त्रास होतो. मनातल्या शंका घालवा, स्वतःवरचा अविश्वास एकवीस दिवसांत संपवा, प्रश्न न विचारता फक्त हजर राहा. ज्येष्ठ शिक्षक श्रद्धा मागतात, हे सकारात्मकता मागतात. दोघांनाही शंका न घेणारा विद्यार्थी हवा आहे. आणि माझं म्हणणं असं की शंका न घेणाऱ्या माणसानं योगाच्या वाटेला जाऊच नये.

यासाठी मला स्वामी कुवलयानंदांकडे जावं लागतं, आणि तिथं थोडं थांबावंही लागेल. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म 1883 चा. बडोद्याला माणिकरावांकडे व्यायामविद्या शिकले, अमळनेरला शिक्षणाचं काम केलं, नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडून योग घेतला. म्हणजे गुरूचा हात पाठीला लागलेला माणूस. आमचे ज्येष्ठ शिक्षक म्हणतात ती परंपरा यांच्याइतकी कुणाजवळ होती? अशा माणसानं गुरूकडून मिळालेली विद्या घेतली आणि बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरण यंत्रासमोर नेऊन उभी केली. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, दाब किती बदलतो, हे मोजलं. 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. नौलीत मोठ्या आतड्यात जो ऋण दाब तयार होतो, त्याला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं. गुरूवरची निष्ठा आणि गुरूच्या विद्येची तपासणी एकाच माणसात, एकाच कामात नांदू शकतात याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

त्यांची दुसरी तपासणी आजच्या लिंकवाल्यांनी मुद्दाम वाचावी. प्राणायामानं शरीराला जास्त प्राणवायू मिळतो, ही समजूत तेव्हाही होती. कुवलयानंदांनी प्रयोग केले, आणि समजूत टिकली नाही. प्राणायामाचं मोल आहे, पण ते प्राणवायूच्या साठ्यात नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. जवळजवळ शतक उलटलं, तरी सकाळी सहाच्या वर्गात कोट्यवधी पेशींना भरपूर ऑक्सिजन मिळतोय असं आजही सांगितलं जातं. ऐकणाऱ्या बाईला बरं वाटतं. खरं न सांगता बरं वाटायला लावणं हा शिक्षकाचा धर्म नव्हे.

तिसरी गोष्ट माझ्या विषयाच्या अगदी जवळची. कुवलयानंदांनी आसनांवर पुस्तक लिहिलं ते न पाहिलेल्या वाचकासाठी. पण त्या वाचकाचं शरीर त्यांनी डोळ्यांपुढे ठेवलं. कान वाहत असेल, हृदय दुबळं असेल तर डोकं खाली करायची आसनं नकोत. रक्तदाब कमीजास्त असेल तर आपल्या मनानं सुरुवात नको. ज्याला पूर्ण क्रम झेपणार नाही त्याच्यासाठी छोटा क्रम वेगळा दिला. लांबून शिकवणं म्हणजे असं शिकवणं. समोर नसलेल्या माणसाला काय होत असेल याची शंका शिक्षकानं स्वतः घ्यायची. पडद्यावरचा शिक्षक ही शंका घेतो का, हा माझा एकमेव प्रश्न आहे.

जवळून पाहा. शिक्षिका त्रिकोणासन दाखवते. तोंडानं 'उजवा पाय' म्हणते आणि पडद्यावर तो आपल्या डावीकडे दिसतो. कान एक सांगतो, डोळा दुसरं. नवखी बाई डोळ्यावर विश्वास ठेवते, पाय बदलते, मग ऐकते, पुन्हा बदलते, आणि तेवढ्यात सगळे दुसऱ्या बाजूला गेलेले असतात. चूक पडद्याची, पण ती म्हणते, 'मलाच कळत नाही.' प्राणायामात तर याहून वाईट. 'श्वास आत, रोखा' म्हटलं आणि नेट अडकलं. चित्र थिजलं. बाई श्वास रोखून बसली आहे, 'सोडा' हा शब्द दर्यापूरच्या टॉवरवर कुठंतरी अडकला आहे. छाती भरून आली तरी सोडत नाही, कारण अजून सांगितलेलं नाही. रक्तदाबाच्या माणसाला हे धोक्याचं आहे. त्या क्षणी तिला सगळ्यात जास्त गरज कशाची आहे? 'मला त्रास होतोय, मी सोडते' एवढी शंका घेण्याच्या हक्काची. हा हक्क पहिल्याच दिवशी, शब्दांत, शिक्षकानं द्यायला हवा.

योगसूत्रांतल्या नऊ अडथळ्यांमध्ये संशय आहे, तो तुम्ही विसरलात, असं कुणी म्हणेल. आक्षेप चांगला आहे. मी विसरलो नाही. तिथला संशय म्हणजे दोन टोकांमध्ये हेलकावणं, हे करू की ते, असंच असेल की नसेल, आणि त्यात हातून काहीच न घडणं. त्यावरचा उपाय एक धरून अभ्यास करणं हा सांगितला आहे. पाहिल्या-तपासल्याशिवाय मान डोलावणं हा उपाय तिथं सांगितलेला नाही. आणि 'माझी लायकी नाही' असं वाटणं हे या संशयापेक्षा त्या अडथळ्यांच्या सोबतीला येणाऱ्या खिन्नतेच्या, थरथरत्या अंगाच्या, बिघडलेल्या श्वासाच्या जवळचं आहे. शरीराबद्दलची शंका राखायची असते, खिन्नता उतरवायची असते. दोन्हींना एकाच झाडूनं बाहेर काढलं की घोटाळा होतो.

आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं 1977 साली एक गोष्ट मांडली, ती इथं उपयोगी पडते. आपल्याला जमेल हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून जमल्यानं, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहून, कुणी धीर दिल्यानं, आणि स्वतःच्या शरीरातल्या खुणा वाचून. त्यात पहिली वाट सगळ्यात भक्कम. ऑनलाइन वर्गात धीर भरपूर मिळतो. पण पडद्यावरची लवचीक, तरणीताठी शिक्षिका राजापेठेतल्या बाईंसारखी दिसत नाही, त्यामुळे दुसरी वाट तिथं अरुंद आहे. बाईंना खरा विश्वास आला तो आधी भिंतीला धरून, मग न धरता एका पायावर उभं राहता आलं त्या सकाळी. त्यासाठी आसन त्यांच्या गुडघ्याला झेपेल असं असणं भाग होतं. वज्रासन सगळ्यांना एकाच वेळी घालायला लावलं, तर दुखऱ्या गुडघ्याच्या वाट्याला रोज सकाळी एक नवा पराभव येतो, आणि पडद्यावरून आवाज येत राहतो, 'वा, सगळे छान करताहेत.'

एक गोष्ट राहून जाऊ नये. आमच्या भागात माणसाचा स्वतःवरचा विश्वास जातो तो नेहमीच मनाच्या दुखण्यानं नव्हे. अमरावती विभागातल्या पाच जिल्ह्यांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्या दोन दशकांहून जास्त काळ पाहिल्या आहेत. कापूस घरात पडून आहे, भाव नाही, सोसायटीचं कर्ज थकलेलं. त्या माणसाला अनुलोम-विलोमाची लिंक पाठवून 'स्वतःवर शंका घेऊ नका' म्हणणं हा अपमान आहे. त्याची शंका बरोबर आहे, हिशेब खरा आहे. त्याला भाव हवा, कर्जाची वाट हवी, आणि मन फारच अंधारलं तर 14416 या 'टेली-मानस'च्या क्रमांकावर बोलणारं माणूस हवं. अमरावती-अकोल्यातल्या अभ्यासिकांमध्ये वर्षानुवर्षं बसलेल्या पोरापोरींनाही हेच लागू आहे. हजारो अर्ज आणि मोजक्या जागा असताना निवड झाली नाही, तर त्यात त्यांच्या मनाचा दोष काढू नये. सकाळचा श्वासाचा अभ्यास त्यांना झोप देईल, धडधड कमी करील. तेवढ्यासाठी तो जरूर करावा. जागा तो वाढवणार नाही.

ज्येष्ठ शिक्षकांना माझं सांगणं आहे की त्यांच्या हाताची किंमत मी कमी करत नाही. मान कुठं अखडली आहे, कंबर कुठं चुकीची वळते, हे दोन मिनिटांत ओळखणारा हात पडद्याला कधीच येणार नाही. पण तो हात हॉलमध्ये बसून वाट पाहतो आणि ज्यांना त्याची गरज आहे त्या हॉलच्या पायरीवरून परत फिरतात. मग त्यानं निघायला काय हरकत आहे? बी.पी.एड., एम.पी.एड. होऊन कायम नोकरीची वाट पाहणारी मुलंमुली अमरावतीत कमी नाहीत. रोजचा वर्ग लिंकवर राहू द्या. महिन्यातून एकदा त्यांच्यातली एखादी मुलगी आपल्याच वस्तीतल्या पाच-सहा बायकांना कुणाच्या तरी ओसरीवर गोळा करील; रक्तदाब मोजील, गुडघे पाहील, कुणी काय करायचं नाही ते कागदावर लिहून देईल, आणि गेल्या महिन्यात काय दुखलं हे आधी विचारील. ऑनलाइन वर्गांनी वर्गणीतला वाटा या मुलींना द्यावा. ज्येष्ठांनी त्यांना काय पाहायचं ते शिकवावं. हे साईनगरच्या एका गल्लीत, जठारपेठेच्या एका वाड्यात सुरू करता येण्याजोगं आहे, आणि त्यासाठी जागा, ओळखी, शब्द टाकणं, जे काही माझ्याकडून लागेल ते द्यायला मी तयार आहे.