आता शिकून काय करता जी?

आपल्या भागात एक प्रश्न फार प्रेमानं विचारतात. चाळिशी उलटलेला माणूस वही-पेन घेऊन बसलेला दिसला, की लोक हसत हसत म्हणतात, ‘आता शिकून काय करता जी?’ विचारणारा दुष्ट नसतो. तो शेजारी असतो, पाळीवरचा सोबती असतो, कधी घरची बाई असते, कधी पोटचा पोरगा असतो. प्रश्नात काळजीही असते. पण मी म्हणतो, हा प्रश्न साधा नाही. ह्याच्या पोटात जुनी बंदी दडून बसली आहे. तिला बाहेर ओढावं म्हणून हे लिहितो.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. शाळा अर्धी, बाकीचं वाचन पाळी सुटल्यावरचं. त्यामुळे मोठे शब्द माझ्याजवळ नाहीत. जे दिसतं ते मांडतो.

पहिले हे बघू, की चाळीस-पन्नासाव्या वर्षी वही घ्यायची पाळी कोणावर येते? ज्याचं लहानपणी राहिलं त्याच्यावर. आणि लहानपणी कोणाचं राहिलं? आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस फुटला, की वर्गातली बाकं कशी रिकामी होत गेली हे कोणत्याही जुन्या मास्तराला विचारा. वेचाईचे पैसे किलोवर. मायच्या ओटीसोबत पोराची ओटी असली, तर संध्याकाळी काट्यावर दोन-चार किलो जास्त भरतात. त्या दोन-चार किलोत त्या पोराची चौथी गेली, पाचवी गेली. पुढं शाळा सोडल्याचा दाखला मिळाला. त्या दाखल्यावर एक रकाना असतो : शाळा सोडण्याचे कारण. तिथं मास्तर लिहितो, ‘सतत गैरहजर’. मालकाच्या शेतात कापूस वेचत होता, असं लिहायला तिथं जागा नसते. म्हणजे कागदोपत्री गुन्हेगार कोण? तर ते दहा वर्षांचं पोरगं.

आता ते पोरगं पन्नाशीला आलं. आणि आपण त्याला सांगतो, वेळ गेली. पण त्याची वेळ गेली कशी? ती त्यानं उधळली नाही. ती त्याच्याकडून घेतली. ज्यानं घेतली त्याला कोणी काही विचारत नाही. ज्याची गेली त्यालाच विचारतात, आता काय करता जी?

पूर्वी म्हणायचे, तू अमुक जातीत जन्मला, शिकू नको. ते पुस्तक बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 ला महाडात जाळलं. आता म्हणतात, तू अमुक साली जन्मला, शिकू नको. बोलायची तऱ्हा बदलली. पण हे ऐकणारी माणसं बघा. तीच आहेत. तीच वस्ती, तेच हात. जातीनं ज्यांना आधी अडवलं, त्यांनाच आता वय अडवतं. वयाची बंदी सगळ्यांना सारखी दिसते, पण लागते ती ज्याचं आधी राहिलं त्यालाच.

आमच्या खात्यात एक साथी आहे. सेहेचाळीस वर्षांचा, सातवी शिकलेला. त्यानं दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला. खात्यात हसू झालं. कोणी म्हटलं, ‘काका, कलेक्टर होता काय आता?’ त्यानं तुटलेला धागा सांधला, बॉबिन जागेवर बसवली, आणि म्हणाला, ‘कायची कलेक्टरी बाप्पा. पोरगी रात्री पुस्तक उघडते, तवा मी उठून बाहीर ओट्यावर जाऊन बसतो. मले घरात बसाचं हाय.’

मित्रांनो, ह्या उत्तराजवळ थांबायला पाहिजे. ह्यात नोकरी नाही, पगार नाही, बढती नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरीजवळ बसायची जागा तो मागतो आहे. ही मागणी लहान आहे काय? पाण्यासाठी आपले लोक चवदार तळ्यावर गेले, तेव्हा ते फक्त तहान लागली म्हणून गेले नव्हते. माणूस म्हणून काठावर उभं राहायचा हक्क होता तो. पुस्तकाचा काठही तसाच आहे.

‘शिकून काय करता’ ह्या प्रश्नामागं एक समजूत आहे, की शिक्षण म्हणजे नोकरीची शिडी. मी नोकरीला कमी लेखत नाही. नोकरीनं आपल्या कैक घरांत पहिल्यांदा दोन वेळची चूल पेटली. पण शिक्षणाचा अर्थ तेवढाच धरला, तर काय होईल? महाराष्ट्र सरकारनं 2016 साली सरकारी नोकरीची वयोमर्यादा वाढवली. खुल्या वर्गाला 38, मागासवर्गीयांना 43. म्हणजे त्या हिशोबानं आपलं माणूस 43 वर्षांपर्यंत शिकण्याच्या कामाचं, आणि त्रेचाळीसच्या वाढदिवसानंतर भंगार! गिरणीत धागा रोज तुटतो. तुटला म्हणून कोणी साचा भंगारात टाकत नाही. सांधतो आणि पुढं चालवतो. मग माणसाचाच धागा एकदा तुटला की कायमचा तुटला, हे कोणी ठरवलं?

‘शिका’ हा शब्द आपण मोर्च्यात ओरडतो. त्या शब्दाला वय चिकटवलेलं नाही. बाबासाहेबांचंच बघा. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 साली त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. त्यांचाही धागा तुटला होता. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसा जमवला, आणि 1920 साली पुन्हा लंडन गाठलं. 1923 साली डी.एस्सी. झाले. ह्यात पदवी आहे, ठीक. पण पुढचं बघा. 1951 साली मंत्रिपद सोडलं तेव्हा ते साठीचे होते. शरीर आजारानं पोखरलेलं. तरी बौद्ध ग्रंथांचा अभ्यास चालूच. पाली भाषेचा कोश आणि व्याकरण ह्यांवरही त्यांनी काम केलं. उतारवयात व्हायोलिन शिकले. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ शेवटच्या दिवसांपर्यंत लिहीत होते. तो 1957 साली, ते गेल्यावर छापून आला. आता सांगा, पाली शिकून त्यांना कोणती नोकरी लागणार होती? व्हायोलिनवर कोणती बढती होती? त्यांना कोणी विचारलं असतं, ‘आता शिकून काय करता जी?’, तर ते काय बोलले असते माहीत नाही. पण त्यांनी केलं ते समोर आहे.

मात्र इथं एक धोका आहे, तोही बोलला पाहिजे. आपण बाबासाहेबांचं अठरा तासांचं वाचन भिंतीवर रंगवतो आणि त्याच भिंतीखाली थकून बसलेल्या माणसाला म्हणतो, बघ, तुझ्यात जिद्दच नाही. हा अन्याय आहे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाचे डोळे जिद्दीनं उघडे राहत नाहीत. त्याला झोप पाहिजे, वेळ पाहिजे. आणि ही गोष्ट बाबासाहेबांना चांगली ठाऊक होती. ते मजूरमंत्री असताना कारखान्यातल्या कामाचे तास कमी करणारं विधेयक त्यांनी मांडलं. त्या 1946 च्या दुरुस्तीनं कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आला. आणि त्याच 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. तिथं नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. ही दोन कामं शेजारी शेजारी ठेवून पाहा. एका हातानं कामगाराचा वेळ सोडवला, दुसऱ्या हातानं त्या वेळेत जायला दार उघडलं. नुसतं दार उघडून भागत नाही. दारापर्यंत जायला पायात ताकद उरली पाहिजे.

म्हणून आजची गोष्ट सांगतो. सप्टेंबर 2025 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेणाऱ्या दुरुस्तीला मंजुरी दिली. लोक ह्याचा हिशोब ओव्हरटाइमच्या पैशात करतात. मी वहीत करतो. बारा तास उभा राहिलेला माणूस संध्याकाळी अक्षर धरू शकत नाही. कामाचे तास आणि शिक्षण हा एकच लढा आहे. हे आपल्या युनियनवाल्यांनीही समजून घेतलं पाहिजे आणि आपल्या साहित्यवाल्यांनीही.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. घर एक, खोली एक, बल्ब एक. परीक्षेच्या फीचे पैसे एकाचेच. पोरगा शिकेल की बाप? इथं नुसत्या घोषणेनं उत्तर मिळत नाही. पोराचं आधी, हे मीही म्हणतो. बहुतेक माय-बाप विचारायच्या आधीच तसं करतात. पण ‘आधी पोराचं’ म्हणणं वेगळं, आणि ‘तुमचं झालं, तुम्ही आता खत व्हा’ म्हणणं वेगळं. एका पिढीनं दुसरीचं खत व्हावं, ही गोष्ट आपल्याला फार उदात्त वाटते. मला ती भीतीची वाटते. खत झालेल्या बापाचा पोरगा शिकतो, शहरात जातो, आणि एक दिवस त्याला बापाची लाज वाटते. मग पुस्तक घरात येऊनही घर दोन होतात. ज्या घरात माय-बाप चार ओळी का होईना वाचतात, तिथं पोराचं पुस्तक एकट्या पोराचं राहत नाही.

आणि बाईचं काय? बापाला निदान ओटा तरी आहे. मायला तोही नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसायच्या. पुड्या बांधायला आणलेली रद्दीची वर्तमानपत्रं त्यांनी वाचायला सुरुवात केली. पुढं लिहू लागल्या, ते घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपानं 1986 साली आलं, तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. आपल्या चळवळीच्या घरातल्या बाईला वही लपवावी लागली. हे वाचून फक्त त्यांचं कौतुक करून चालणार नाही. कोणापासून लपवावी लागली, हेही विचारा.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तिथं 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा निघाली. साठीच्या पुढच्या म्हाताऱ्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन बसल्या. पेपरवाल्यांनी फोटो छापले, लोकांना गंमत वाटली. त्यात गंमत कुठं आहे? साठ वर्षं उशीर केला तो गावानं, सरकारनं, समाजानं. आज्या तर शाळा निघाली तशा आल्या.

सरकारचा साक्षरता कार्यक्रम 2022 ते 2027 असा आखलेला आहे, 15 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी. परीक्षा 150 गुणांची. वाईट नाही, लोकांनी जावं. पण आकडा भरला म्हणजे काम झालं असं कोणी समजू नये. अंगठेबहाद्दर माणूस निदान विचारतो, ‘काय लिवलं हाय साहेब?’ नुसती सही शिकलेल्याला कोणी वाचून दाखवत नाही. सही केली म्हणजे त्याला कळलं, असं धरतात. फायनान्सवाल्याचा कागद, सातबारा, फंडाचं पासबुक, कामावरून काढल्याची नोटीस, हे वाचता येईपर्यंत शिकणं अर्धंच. आणि हे वाचता आल्यावरही ते संपत नाही. कारण आपल्या माणसाला फक्त कामापुरतंच वाचू द्यायचं, हीसुद्धा बंदीच. त्याला कविता वाचायची असेल, पाली शिकायची असेल, आकाशातले तारे ओळखायचे असतील, तर ‘फायदा काय’ विचारू नका. फायद्याशिवाय शिकणं हे श्रीमंताच्या पोराला शोभतं आणि आपल्या बापाला शोभत नाही, हे कोणत्या न्यायानं?

अण्णाभाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले. मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं जुळवली, आणि 1959 साली ‘फकिरा’ दिली. पण प्रत्येकानं अण्णाभाऊ व्हावं आणि एकट्यानं पाट्या वाचत बसावं, अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे आपली जबाबदारी झटकणं. जोतीराव-सावित्रीबाईंनी 1855 साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबलेल्या माणसाला ‘जिद्द ठेव’ म्हणून ते थांबले नाहीत. दिवा लावून स्वतः त्याच्यासमोर बसले.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना माझं सांगणं सरळ आहे. जयंतीच्या डीजेसाठी वर्गणी होते, मग विहारात एक फळा का होत नाही? वंदनेनंतर एक तास. आठवड्यातून तीन दिवस. ज्यांची सातवी-आठवी झाली त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून द्या, दाखला काढायला सोबत जा, शाळेतल्या बाबूनं हाकललं तर भांडा. ज्यांची बारावी झाली आहे त्यांना मुक्त विद्यापीठ दाखवा. 1989 साली ते नाशिकला निघालं ते काम करणाऱ्या माणसांसाठीच, आणि अमरावतीला त्याचं विभागीय केंद्र आहे. दोन पोरी वर्गाच्या वेळी लहान लेकरं सांभाळतील, तेव्हाच माया येतील. आणि शिकवताना वरून बोलू नका. पन्नास वर्षं जगलेला माणूस कोरी पाटी नसतो. त्याला माप कळतं, भाव कळतो, माणूस कळतो. कोणत्या मालकानं कोणाची मजुरी कशी बुडवली, ते त्याला तोंडपाठ असतं. त्याला अक्षर द्या, आणि त्याच्याकडून ते सगळं लिहून घ्या. आपला इतिहास असाच लिहिला जाईल.

आणि पुन्हा कोणी हसत हसत विचारलं, ‘आता शिकून काय करता जी?’, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. सतरंजीवर थोडं सरका, त्याला जागा करून द्या, आणि म्हणा, ‘बसा जी तुमीबी.’

जय भीम.