पावित्र्य आणि सोवळे

मिस्साबलिदानात आपण परमेश्वराला त्रिवार 'पवित्र' म्हणतो. हा घोष यशया संदेष्ट्याला झालेल्या दर्शनातून आला आहे, आणि यहुदी बांधव आपल्या सभास्थानात तो आजही हिब्रू भाषेत करतात. मूळ हिब्रू शब्द आहे 'कादोश'. अरबी भाषेत याच धातूचा 'कुद्दूस' हा शब्द आहे. कुराणात तो ईश्वराचे एक नाम म्हणून येतो. जेरुसलेम नगरीला अरबीत 'अल-कुद्स' म्हणतात, तेही याच धातूवरून. आब्राहामाला आपला पूर्वज मानणारे तीन धर्म एकाच धातूच्या शब्दाने ईश्वरापुढे नतमस्तक होतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या आनंदात एक अवघड प्रश्न बाजूला राहू नये, असे आम्हांला वाटते. 'कादोश' या शब्दात 'वेगळा काढलेला, राखून ठेवलेला' हा अर्थ आहे. मग पवित्र असणे म्हणजे वेगळे असणे काय? आणि वेगळे व्हायचे ते कोणापासून?

मराठी माणसाला हा प्रश्न अधिक टोचावा. बायबलच्या भाषांतरकारांनी 'पवित्र' हा शब्द योजला, तो योग्यच होता. पण आपल्या मातीत या शब्दाला सोवळ्याओवळ्याचा आणि विटाळाचा जुना शेजार आहे. पवित्र ते जपायचे तर कोणाला तरी उंबरठ्याबाहेर ठेवलेच पाहिजे, ही समजूत येथे शतकानुशतके नांदली. चोखोबांची समाधी पंढरीच्या महाद्वारापाशी आहे आणि ते मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. ही इतरांची गोष्ट म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. भारतीय ख्रिस्तसभेच्या महागुरूंनी २०१६ साली दलित सबलीकरणाविषयीचे जे धोरण जाहीर केले, त्यात जातिभेद ख्रिस्तसभेतही शिरला असल्याची कबुली आहे. स्नानसंस्काराच्या पाण्याने जे धुऊन जायला हवे होते, ते गेले नाही.

आता मूळ ग्रंथाकडे वळू. लेवीय या पुस्तकात शुद्ध-अशुद्धाचे नियम भरपूर आहेत, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अन्नाचे, शरीराचे, रोगाचे आणि मृतदेहाचे नियम; मंदिरात एकाआड एक अंगणे; आणि सर्वांत आत परमपवित्र स्थान, जेथे फक्त प्रमुख याजकाने वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, प्रवेश करावा. परंतु याच पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय जरूर उघडून पाहावा. परमेश्वर पवित्र आहे म्हणून त्याच्या सर्व लोकांनीही पवित्र व्हावे, अशी आज्ञा तेथे आरंभीच येते. मग वाचकाला वाटते, आता धूप, यज्ञ, उपवास यांची यादी येणार. यज्ञाविषयी दोन शब्द येतात खरे. पण लगेच काय येते? शेताचे कोपरे कापू नका आणि पडलेली कणसे वेचू नका, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. तराजू आणि मापे खरी ठेवा. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञाही याच अध्यायातली आहे, आणि तिच्यामागोमाग परदेशीयावरही तितकीच प्रीती करण्याची. सोवळ्याने माणसाला दूर ठेवले असते. येथे दूर ठेवायचे आहे ते खोटे माप आणि दाबून ठेवलेली मजुरी.

दुसरी गोष्ट आम्हांला याहूनही मोलाची वाटते. बायबलमध्ये सर्वांत आधी पवित्र ठरवला जातो तो पर्वत नव्हे की मंदिर नव्हे, तर एक दिवस. यहुदी विचारवंत आब्राहाम जोशुआ हेशेल यांनी शब्बाथविषयीच्या आपल्या १९५१ सालच्या पुस्तकात याकडे लक्ष वेधले आहे. जागेभोवती कुंपण घालता येते, दिवसाभोवती ते घालता येत नाही. सातवा दिवस मालकाला मिळतो तसाच चाकराला, परक्याला आणि बैलालाही. याचा एक सुंदर दाखला आपल्या कोकणातच आहे. कुलाबा जिल्ह्यातील (आताच्या रायगडातील) बेने इस्रायल समाज तेलाचे घाणे चालवत असे. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून शेजारीपाजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. शेजाऱ्यांना त्यांचा ग्रंथ ठाऊक नव्हता. त्यांना दिसले ते इतकेच, की या लोकांचा बैल आठवड्यातून एक दिवस मोकळा असतो.

प्रभू येशू या परंपरेतच वाढला. त्याने पावित्र्य मोडीत काढले असे म्हणणे बरोबर नाही. त्याने त्याच्या प्रवाहाची दिशा पालटली. कुष्ठरोग्याला स्पर्श केला की स्पर्श करणारा अशुद्ध होतो, हा नियम. मार्कलिखित शुभवर्तमानात येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि शुद्ध होतो तो कुष्ठरोगी. रक्तस्रावाने बारा वर्षे पीडलेली स्त्री गर्दीतून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते, तेव्हाही तेच घडते. विटाळ संसर्गजन्य असतो हे जगाला माहीत होते. पावित्र्यही संसर्गजन्य असू शकते, हे येथे दिसले.

संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना त्यांना पवित्र जन म्हटले आहे. ही मंडळी होती कशी? एकमेकांवर कोर्टात फिर्यादी करणारी, आणि प्रभुभोजनाच्या वेळी कोणी उपाशी तर कोणी मद्याने धुंद! तरीही संबोधन तेच, कारण पावित्र्य हे त्यांच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हते; ते दान होते आणि त्या दानाला साजेसे जगणे अजून बाकी होते. दान किती आणि मानवी प्रतिसाद किती, या प्रश्नावर सोळाव्या शतकात पश्चिमेकडील ख्रिस्तसभा दुभंगली. त्या वादाच्या मुळाशी असलेल्या नीतिमत्त्वाच्या सिद्धांतावर लूथरपंथीय आणि कॅथोलिक यांनी १९९९ साली ऑग्सबर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, एवढी नोंद येथे पुरे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात एक पूर्ण प्रकरण सर्वांना असलेल्या पावित्र्याच्या पाचारणाला दिले. वसईत जन्मलेले आणि १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर हौतात्म्य पत्करलेले संत गोन्सालो गार्सिया याजक नव्हते. ते आधी व्यापारी होते आणि पुढे फ्रान्सिस्कन संघाचे बंधू झाले. आपण त्यांची मिरवणूक काढतो, पण त्यांचा दुकानदारीचा काळ क्वचितच आठवतो.

इस्लाममध्ये चित्र वेगळे आहे, आणि ते वेगळेच ठेवणे प्रामाणिकपणाचे. ख्रिस्ती श्रद्धेनुसार कृपेने माणूस ईश्वरी जीवनात सहभागी होतो. इस्लामच्या दृष्टीने दास हा दासच राहतो, आणि त्यातच त्याचा गौरव आहे. मात्र येथेही शब्द बोलके आहेत. मराठीत 'हराम' ही शिवी झाली. अरबीत मक्केच्या मशिदीला याच शब्दाने ओळखतात, कारण निषिद्ध आणि पवित्र असे दोन्ही अर्थ त्या धातूत आहेत. सत्पुरुषाला मात्र 'वली' म्हणतात, म्हणजे ईश्वराच्या जवळचा, त्याचा मित्र. 'अवलिया' हा आपला मराठी शब्द त्याच्याच अनेकवचनातून आलेला. येथे भर अलगपणावर नसून जवळिकीवर आहे. बळीचे मांस व रक्त ईश्वरापर्यंत पोहोचत नाही, पोहोचते ती भक्तांची ईश्वरनिष्ठा, अशी कुराणाची शिकवण आहे. 'जकात' या शब्दातच शुद्धीचा अर्थ आहे. साठलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा हक्कदारांना दिल्यावाचून उरलेली संपत्ती शुद्ध होत नाही. पैशालाही सोवळे असते, आणि ते गरिबाच्या हाताने सिद्ध होते, असे आमच्या भाषेत म्हणता येईल.

तिन्ही धर्मांची गाठ एका ठिकाणी पडते, आणि ते ठिकाण देवालय नाही. मोशेचे नियमशास्त्र म्हणते, गरीब मजुराला सूर्य मावळण्यापूर्वी त्याची मजुरी द्या. हदीस सांगते, मजुराचा घाम सुकण्याआधी द्या. याकोबाच्या पत्रात तर कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच आक्रोश करते आणि तो आक्रोश परमेश्वराच्या कानी जातो. तिघांचा ईश्वर परमपवित्र, आणि तिघांच्याही ग्रंथात तो मजुरीचा हिशेब विचारतो!

आपल्या गावांत बंगले उभे राहत आहेत. गवंडी आणि बिगारी दूरदूरच्या जिल्ह्यांतून, परप्रांतांतून येतात; वाडीतली खुरपणी आदिवासी स्त्रिया करतात. शनिवारी संध्याकाळी त्या अंगणात उभ्या असतात आणि सुटे नाहीत, सोमवारी या, असे त्यांना सहज सांगितले जाते. सांगणारे घर भाविक असते. रोजची रोझरी चुकवत नाही. पापनिवेदनाला जाण्यापूर्वी आपण जी मनाची झाडाझडती घेतो, तिच्यात हा सोमवार येतो काय, असे आम्ही विचारतो आहोत. हा प्रश्न आम्हांलाही तितकाच लागू आहे, आणि येत्या शनिवारी अंगणात कोणीतरी पुन्हा उभे असणार आहे.