तोफेच्या तोंडासमोर

खेळण्यातली तोफ बनवली तर हिंसा घडते का? आमच्या इमारतीत हा प्रश्न गेल्या दिवाळीत खरोखर विचारला गेला. विचारणाऱ्या बाई आमच्याच मजल्यावर राहतात, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नाहीत, आणि त्या मुळीच चेष्टा करत नव्हत्या. "बाई, तुम्ही शाळेत इतकी वर्षं अर्धमागधी शिकवलीत, आणि महावीरांच्या निर्वाणाच्या दिवशी तुमच्याच घरात तोफा?" अहो, खेळणं आहे, लहान मूल आहे, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण जैन घरात वाढलेल्या माणसाला ते उत्तर शोभत नाही. चित्र, पुतळा, कणकेचा आकार यांना आमच्या परंपरेने कधीच 'नुसतं' म्हणून सोडून दिलेलं नाही.

आधी तोफेबद्दल सांगते. आम्ही स्वारगेटला राहतो, जेधे चौकातून चालत यावं इतकं जवळ. इथल्या सोसायट्यांत पार्किंगच्या कोपऱ्यात दिवाळीचा किल्ला होतोच: विटा, पोती, लाल माती, वर पेरलेले अळीव आणि मोहरी, माथ्यावर सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे. बाजारात मावळ्यांबरोबर मातीच्या तोफाही मिळतात, पण त्यांची चाकं फिरत नाहीत. माझ्या दहा वर्षांच्या नातवाला त्या पसंत नव्हत्या. त्याच्याकडे लेगोच्या चाच्यांच्या जहाजातली एक तोफ आहे, पण ती लेगोच्या माणसाच्या मापाची. अर्ध्या वितीच्या मावळ्याशेजारी ती अगदीच चिमुकली दिसते. म्हणून मावळ्याच्या मापाची तोफ त्याने स्वतःच बांधायला घेतली.

काळे गोल ठोकळे एकात एक बसवून नळी केली, तोंडाशी एक रुंद कडं, मागे निमुळता शेपटा. तपकिरी पट्ट्यांचा गाडा. गाड्याच्या दोन्ही भिंतींत भोकांचे ठोकळे आणि त्यांतून गेलेला आडवा दांडा, म्हणजे नळी वर-खाली करता येते. आधी तोंड जड होऊन नळी सारखी खाली झुकत होती. त्याने दांड्याची जागा तोंडाकडे सरकवली आणि ती मागच्या पाचरीवर व्यवस्थित टेकली. खऱ्या तोफांचे खुंटही मागचा भाग किंचित जड राहील अशाच बेताने बसवत, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. बत्ती देण्यासाठी तोफेला कान असतो, त्या कानात खिळा ठोकला की तोफ निकामी होते, हे मात्र त्याला गडावर फिरून ठाऊक होतं, म्हणून त्याने कानाचीही जागा सोडली. हे सगळं करताना त्याचा चेहरा मी पाहत होते. त्यात राग नव्हता, द्वेष नव्हता, कुणाला इजा व्हावी अशी इच्छा नव्हती. इतकं एकाग्र चित्त मी सामायिकाला, म्हणजे आमच्या ध्यानाला, बसलेल्या मोठ्या माणसांतही क्वचित पाहिलं आहे. हेच काळे गोल ठोकळे त्याआधी जेधे चौकातल्या उड्डाणपुलाचे खांब झाले होते. पुद्गलाला, म्हणजे जड वस्तूला, पाप-पुण्य नसतं. ते जोडणाऱ्याच्या भावाला असतं.

एवढ्यावर विषय संपला असता. पण त्याने लगेच दुसरी तोफ केली. पोकळ नळीची, मागे रबर बँड लावलेली. ही तोफ उडत होती. एका खुंटीचा गोल तुकडा ती दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेकत होती.

शेजारच्या बाईंचा आक्षेप हवेतला नव्हता. श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, व्रतांत अनर्थदंडाचा, म्हणजे निष्कारण घडणाऱ्या पापाचा, त्याग येतो, आणि अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत हिंसादान हा एक आहे: ज्याने हिंसा होईल अशी वस्तू दुसऱ्याच्या हाती देणं. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्या वस्तूंमध्ये कुऱ्हाड, तलवार, आग, साखळदंड आहेत, आणि कुदळही आहे. मुलाच्या हातात तोफ देणं हे त्याच यादीत बसतं, असं त्यांचं म्हणणं. उलट बाजूने मी त्यांना हिंसेचे चार प्रकार आठवून दिले: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने सोडायची ती ठरवून केलेली संकल्पी हिंसा. आपल्या माणसांचं रक्षण करताना घडणारी विरोधी हिंसा त्याला पूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्राने मान्य केलं आहे. आणि किल्ल्यावरची तोफ रक्षणासाठीच असते. त्या म्हणाल्या, "ते खऱ्या किल्ल्याचं झालं. तुमच्या पार्किंगवर कोण चालून आलंय?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

तोफ लहान आहे, हा बचावही आमच्याकडे चालत नाही. कुंदकुंदाचार्यांच्या भावपाहुडात शालिसिक्थ मत्स्याचा दाखला येतो. तांदळाच्या दाण्याएवढा तो मासा महामत्स्याच्या कानात राहतो. महामत्स्याच्या उघड्या तोंडातून कितीतरी मासे आत येतात आणि सुटून जातात. दाण्याएवढा मासा ते पाहून मनात म्हणतो, याच्या जागी मी असतो तर एकालाही सोडलं नसतं. त्याने आयुष्यात एकही मोठा जीव मारला नाही, मारणं त्याला शक्यच नव्हतं, तरी तो सातव्या नरकात जातो. दहाव्या शतकातल्या अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हाच विचार शास्त्राच्या भाषेत मांडला आहे: कुणी हिंसा न करताही तिच्या फळाचा धनी होतो, आणि कुणाच्या हातून जीव जाऊनही तो दोषी ठरत नाही.

पण या प्रश्नाच्या सगळ्यांत जवळ जाते ती यशोधर राजाची कथा. सोमदेवसूरींनी शके 881 मध्ये, म्हणजे इसवी सन 959 मध्ये, राष्ट्रकूटांच्या काळात यशस्तिलकचंपू लिहून ती संस्कृतात अजरामर केली. पुष्पदंताने राष्ट्रकूटांच्याच मान्यखेट राजधानीत ती अपभ्रंशात सांगितली, आणि त्याचं जसहरचरिउ प. ल. वैद्यांनी संपादित करून 1931 मध्ये आपल्या विदर्भातल्या कारंज्याच्या ग्रंथमालेतून छापलं. उज्जयिनीच्या या राजाला राणीचा व्यभिचार कळतो. संसार सोडण्यासाठी तो वाईट स्वप्नाचं निमित्त सांगतो, तर आई चंद्रमती म्हणते, देवीला पशुबळी दे, अरिष्ट टळेल. राजा जीव मारायला साफ नकार देतो. आई हट्ट सोडत नाही. शेवटी तडजोड होते: पिठाचा कोंबडा करायचा आणि तो देवीपुढे कापायचा. रक्ताचा थेंब नाही, पिसाचा तुकडा नाही. तरी त्या पिठाच्या कोंबड्यापायी माय-लेक मोर आणि कुत्रा होऊन जन्मतात, मग एकामागून एक जनावरांच्या जन्मांत मारले जातात.

माझं माहेर कोल्हापूरकडचं, हातकणंगले तालुक्यातलं. माझी आई जत्रेतले साखरेचे हत्ती-घोडे घरात आणू देत नसे. हत्तीच्या आकाराचं डोकं दातांनी तोडायचं नाही, एवढंच ती सांगे. तिने यशस्तिलकाचं नावही ऐकलेलं नसावं, पण पिठाचा कोंबडा तिला माहीत होता. नवरात्रात कितीतरी घरांत बळीच्या जागी कोहळा कापतात आणि ती दयेची पायरी आहे असं आपण मानतो. मीही मानते. यशोधराची कथा मात्र त्या पायरीवर थांबू देत नाही. राजाने पीठ कापलं म्हणून तो बुडाला नाही. मारणं वाईट हे पुरतं कळत असताना, मारल्याचं फळ मिळावं पण मारल्याचा दोष लागू नये अशी सोय त्याने शोधली, म्हणून बुडाला. कोंबडा पिठाचा होता, पण देवीपुढे उभं राहून केलेला संकल्प खरा होता.

मग प्रत्येक खोटी लढाई पापच का? नाही, आणि त्याचाही पुरावा आमच्याच घरचा आहे. माहेरी असताना आम्ही कुंभोजच्या बाहुबलीला जायचो, 28 फुटी मूर्तीच्या पायाशी बसायचो. भरत आणि बाहुबली समोरासमोर आले तेव्हा दोन्ही सैन्यं उभी होती. मंत्र्यांनी तोडगा काढला की सैन्याचं रक्त कशाला, दोघा भावांनीच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध करावं. जिनसेनांच्या आदिपुराणात हे सविस्तर आहे. म्हणजे इथे युद्धाचा खेळ केला तो माणसं वाचवण्यासाठी. तिन्हींत हरल्यावर भरताने संतापून चक्ररत्न फेकलं, आणि त्या क्षणी खेळ संपून हिंसा सुरू झाली. चक्र बाहुबलीला इजा न करता प्रदक्षिणा घालून थांबलं, तरी भरताचा तो क्षण पुराणाने झाकून ठेवलेला नाही. कोंबडा खोटा, कुस्तीही एका अर्थाने खोटीच. एकीकडे सोंगाच्या आडून मारायचं होतं, दुसरीकडे सोंग आणून मरण टाळायचं होतं.

ठोकळे बनवणाऱ्या डेन्मार्कच्या कंपनीलाही हा प्रश्न पडलेला आहे. आजच्या युद्धांतली, मुलांना ओळखू येतील अशी खरीखुरी शस्त्रं आपल्या संचांत नकोत, असं तिचं जाहीर धोरण आहे. चाच्यांच्या जहाजावरची तोफ मात्र 1989 पासून चालते. दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं शस्त्र चालेल, आजचं नको. हा भेद मला अपुरा वाटतो. काळ गेला म्हणून हिंसा धुऊन निघत नाही. 1660 मध्ये पन्हाळ्याच्या तटाआड असलेल्या माणसाला समोरची तोफ जुनीपुराणी वाटत नव्हती.

आणि पन्हाळ्यापाशीच मला उत्तर सापडलं. सिद्दी जौहरचा वेढा पडलेला असताना राजापूरच्या वखारीचा इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन आपल्या तोफा घेऊन आला आणि इंग्रजांचं निशाण लावून त्याने गडावर मारा केला. हे भांडण त्याचं नव्हतं. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि इंग्रजांना कैद केलं, ते त्यामुळेच. त्याच वेढ्यातून जुलैमध्ये महाराज निसटले, आणि बाजीप्रभूंनी खिंड अडवून धरली ती विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत, असं परंपरा सांगते. मराठी मुलाला तोफ प्रथम कळते ती या आवाजातून. दोन्ही तोफाच, वर्ष एकच. एका तोफेसमोर माणसं होती, दुसरीच्या तोंडासमोर मोकळं आकाश होतं आणि तिचा आवाज एकच सांगत होता, राजा पोचला.

तेव्हा मी नातवाला विचारलं, "तुझ्या उडणाऱ्या तोफेसमोर कोण आहे रे?"

"शत्रू."

"कोण शत्रू?"

"आजी, जे पडतील ते."

मला भीती वाटली ती या उत्तराची. तोफेची कधीच वाटली नव्हती. जो पडेल तो शत्रू, हाच तर त्या दाण्याएवढ्या माशाचा विचार. मी त्याला रागावले नाही. रेव्हिंग्टनची गोष्ट सांगितली, मग विशाळगडाची सांगितली, आणि किल्ल्याचं काय करायचं ते त्याच्यावर सोडलं. त्याने पोरांना जमवून पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला विशाळगड उभा केला, मधल्या दोन गाड्यांमधली फट घोडखिंड ठरली, आणि उडणारी तोफ विशाळगडावर गेली, तोंड मागच्या भिंतीकडे करून. स्वारगेट स्टँडवरून कोल्हापूरच्या गाडीला निघालेली, हातात पिशव्या घेतलेली माणसं फाटकाशी थांबून विचारायची, तोफ उलटी का? पोरं अभिमानाने सांगायची, ही इशारतीची आहे.

शेजारच्या बाई किल्ला पाहून गेल्या. त्यांचं मत बदललं नाही. हिंसादान ते हिंसादान, असं त्या आजही म्हणतात, आणि त्यांच्या व्रताचा मी आदर करते. माझा निर्णय वेगळा आहे. तोफ घडवणारं मूल हिंसा करत नाही. समोर कोण आहे याची पर्वा न करता नेम धरणारं मूल हिंसेची पहिली पायरी चढतं, मग त्याच्या हातात ठोकळ्यांची तोफ असो की नुसती बोटं. तोफ काढून घेतल्याने ती पायरी मोडत नाही. ती मोडायची तर त्याला समोरचा कोण हे विचारावं लागतं, आणि विचारायला घरात मोठं माणूस लागतं.

किल्ला करणाऱ्या प्रत्येक घराला माझी विनंती आहे. मुलांना तोफा हव्या तेवढ्या बांधू द्या. फक्त किल्ल्याजवळ मांडी घालून बसा आणि एकदा तरी विचारा, हिच्या तोंडासमोर कोण आहे? आणि या वर्षी पन्हाळा करणार असाल, तर विशाळगडालाही जागा ठेवा.