मातीचा दोष

गेल्या एप्रिलमध्ये थोरल्या बहिणीने तिकीट काढून दिले म्हणून न्यू जर्सीला गेलो. तिसऱ्याच दिवशी ती मला नर्सरीत घेऊन गेली. "अंगणात हायड्रेंजिया लावायचाय. तू बँकेतला माणूस, पारखून घे."

मी फक्त सह्या पारखतो, पण ताईपुढे कोण बोलणार!

नर्सरीवाल्याने दोन जाती समजावल्या. एक मोठ्या पानांची. माती आम्लधर्मी असली की तिच्यातले अॅल्युमिनियम शोषून फुले निळी, चुनखडीची असली की गुलाबी. शिवाय फुलणार जुन्या फांद्यांवर. भलत्या वेळी छाटलेत की यंदाची फुले गेली. दुसरी तुऱ्यांची, मूळची जपान-चीनकडची. तिला मातीची पर्वा नाही. उन्हाळ्यात पांढरी किंवा पोपटी फुलते आणि पुढे आपल्या वयाने गुलाबी होते. हिवाळा सरताना खुशाल छाटा, नव्या फांदीवर फुलते.

मी चपापलो. अहो, मी पहिल्या जातीचा! एका साहेबाच्या हाताखाली निळा, दुसऱ्याच्या गुलाबी.

बारा वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या कॅशमध्ये तूट आली. साहेबांनीच व्हाउचरशिवाय पैसे द्यायला लावले होते, हे मी पाहिले होते. चौकशीत मला विचारले. साहेब समोरच बसलेले. म्हणालो, "नीट आठवत नाही." त्याची वेतनवाढ थांबली. तो अजून मला चहा पाजतो.

मग दोष मातीचा की झाडाचा? झाडाला पाय नसतात, त्याला माफ. मला पाय होते, तोंडही होते. फार तर छाटला गेलो असतो. छाटल्यावरही फुलता येते हे तेव्हा कुणी सांगितले नव्हते म्हणावे, तर ही सबबही मातीचीच.

आम्ही तुऱ्यांची जात घेतली. त्यातला 'लाइमलाइट' सहा-आठ फूट वाढतो. ताईचे अंगण आमच्या कॅश केबिनएवढे. शेवटी तीन फुटी 'बोबो' घरी आला.

परतल्यावर सहकाऱ्याला गाठले आणि एका दमात सगळे सांगून टाकले. तो बशीत चहा ओतत म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं रे. घे, निवतोय."

मी आधी पांढराफटक पडलो, मग हळूहळू गुलाबी झालो. या खेपेला मातीचा काही संबंध नव्हता.