उप्पागेची बाटली

बेळगावात औषधांचे दुकान मी तीस वर्षे चालवले. त्या काउंटरवर एक खोटे मी वर्षानुवर्षे बोललो, आणि तेही तोंड न उघडता.

मागच्या गल्लीतल्या एक वहिनी दरमहा रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर वजन उतरवणाऱ्या कॅप्सूलची बाटली नेत. बाटलीवर हिरवे पान, आत उप्पागेच्या सालीचा अर्क. शिरसी-सिद्दापूरकडे ही साल आपल्या आमसुलासारखी आंबटाला घालतात. आणि गंमत अशी, की त्याच फळाच्या बियांपासून तिकडे तूप काढतात. सालीने मेद झडायचा आणि बीने तूप द्यायचे! १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांना घेऊन बारा आठवडे चाचणी झाली. निम्म्यांना हा अर्क, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. वजनात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. हे मी वाचले होते. तरी बाटली कागदात गुंडाळून देत होतो. नफा बरा सुटे, हे एक. आणि ‘झाडपाल्याचे आहे, अपाय तर नाही’ हे दुसरे.

या दुसऱ्यात लबाडी अधिक. १९९०च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये सडपातळ होण्यासाठी दिलेल्या चिनी वनौषधींत एका मुळीऐवजी भलतीच मुळी गेली, आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडे निकामी झाली. तोही झाडपालाच होता.

डॉक्टरांना दोष देणे सोपे. वहिनींनी एकदा त्यांच्याकडे विषय काढला, तर ते हसले आणि ‘भात कमी करा’ म्हणाले. सल्ला चुकीचा नव्हता. पण त्या हसण्यानंतर वहिनी तिथे पुन्हा काही बोलल्या नाहीत. उरला माझा काउंटर, आणि तिथे मी गप्प. लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४चा कायदा मनाई करतो. गप्प बसणाऱ्या दुकानदाराला तो काय करणार?

एका महिन्यात वहिनींनी नुसती बाटलीच मागितली. रक्तदाबाच्या गोळ्या?

“आता त्या नकोत. ह्यानंच सगळं उतरतंय म्हणे.”

तेव्हा कुठे मी तोंड उघडले. सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“मग चार वर्षं का देत होता, अण्णा?”

मी बाटली परत ठेवली, गोळ्यांची पट्टी पुढे केली. आधीच्या बाटल्यांच्या पैशांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही तो हिशेब काढला नाही.