म्हैस, बगळा आणि मीटर

लोंढा

चि. भाचीबाईस अनेक उत्तम आशीर्वाद,

तुझं पत्र पोचलं. मामीला म्हटलं, पोरगी मीटर घ्यायचं म्हणते. ती म्हणाली, भाड्याच्या खोलीला वेगळं मीटर लागतं होय? स्टेशनाबाहेर चहा पिताना विषय काढला, तर तिथल्या म्हाताऱ्यांना मीटर गेज आठवलं आणि अर्धा तास जुन्या वास्को गाडीत गेला. उजेड मोजायचं मीटर गावात कुणाला ठाऊक नाही, म्हणून उत्तर सविस्तर लिहितो.

आजोबांच्या याशिका-डी कॅमेऱ्यात मीटर नाही, हे बरंच आहे. असतं तर आजवर बिघडलं असतं आणि तू त्यावर विश्वास ठेवून बसली असतीस. तू तीन मॉडेलं लिहून ‘यातलं चांगलं कुठलं’ विचारलंस. त्याआधी मीटर काय मोजतं ते बघ.

आमच्या घरामागच्या डबक्यात दुपारी म्हशी बसतात. परवा एकीच्या पाठीवर गायबगळा उभा होता. रोल १०० आयएसओचा, ऊन लख्ख. अशा उन्हात एफ/१६ ला १/१२५ चालतं, हे कुठलाही जुना फोटोग्राफर झोपेत सांगेल. मी वस्तूवरून परतणारा उजेड मोजणारं मीटर म्हशीच्या अंगाजवळ धरलं. ते म्हणालं, १/१२५ लाच एफ/८. बगळा फोटोला बसल्यासारखा उभा राहिला असता आणि त्याच्या पिसांवर मीटर धरलं असतं, तर ते एफ/१६ ला १/५०० म्हणालं असतं. ऊन एकच, उत्तरात चार स्टॉपचा फरक! कारण हे मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. त्याचं ऐकशील तर करडी म्हैस आणि करडा बगळा मिळेल.

दुसरी रीत पडणारा उजेड मोजायची. मीटरवर पांढरी अर्धगोल टोपी असते. म्हशीपाशी जायचं, टोपी कॅमेऱ्याकडे करायची, आपली सावली टोपीवर पडू द्यायची नाही. आता समोर म्हैस आहे की बगळा, याच्याशी मीटरला देणंघेणं नाही. ते फक्त ऊन मोजतं. म्हैस काळी येते, बगळा पांढरा येतो. तुला माणसं काढायची आहेत, तीही प्लॅटफॉर्मवरची, पांढऱ्या धोतरातली, सावळ्या चेहऱ्यांची. तुझ्यासाठी हीच रीत. टोपी नसलेलं मीटर फुकट मिळालं तरी घेऊ नकोस.

आता जुन्या मीटरांचा मोह. सेलेनियमच्या मीटरला सेल लागत नाही, दिसतंही देखणं. ऐन उमेदीत मीही जुन्या बाजारातून एक आणलं होतं. दुकानाच्या दारात, उन्हात काटा बरोबर बोलला. लग्नाच्या मांडवात तो दोन स्टॉप कमी दाखवत होता, म्हणून मी प्रत्येक फोटोला चौपट उजेड दिला. निगेटिव्ह इतकी काळी निघाली की एन्लार्जरखाली दहा सेकंदांच्या जागी चाळीस मोजत बसलो, आणि शालूची जर शेवटपर्यंत सापडली नाही. सेलेनियम म्हातारं झालं, त्यात आमच्याकडच्यासारखी ओल लागली, की असं होतं. घ्यायचंच असेल तर उन्हात तपास आणि सावलीतही तपास. खोटेपणा सावलीत कळतो. मीटरची खिडकी झाकून काटा शून्यावर येतो का तेही बघ.

त्यानंतरची कॅडमियम सल्फाइडची मीटरं कमी उजेडात चांगली, पण उन्हातून एकदम सावलीत नेली की थोडा वेळ ऊनच आठवत बसतात. शिवाय त्यातल्या बऱ्याचशांना १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल लागत, ते बंद झाले. लोक कानाच्या मशीनचे १.४ व्होल्टचे झिंक-एअर सेल घालून भागवतात. चालतं, पण त्याचं स्टिकर एकदा काढलं की तो काही आठवड्यांतच संपतो. साधा दीड व्होल्टचा घातलास तर मीटर चुकतं, आणि सेल उतरेल तसं वेगळं चुकतं.

माझं मत विचारशील तर सेकॉनिकचं एल-३०८ घराण्यातलं एखादं बघ. सिलिकॉनचा सेन्सर, सरकणारी टोपी, फ्लॅशही मोजतं. मुख्य म्हणजे एक पेन्सिल सेल पुरतो, भिंतीवरच्या घड्याळातला. तो कॅसलरॉकच्या दुकानातही मिळतो. एल-३९८ हातात घेऊन तुझं मन फिरेल, काटा आणि चकती बघून माझंही फिरतं. पण त्याला फ्लॅश कळत नाही आणि मंद उजेडात ते लवकर हात टेकतं. इथल्या जंगलात पावसाळ्यात भर दुपारीही एफ/४ ला १/१५ निघतं. मग स्टँड लागतो, जळवा वेगळ्याच.

एक अंशाचं स्पॉट मीटर आत्ता नको. दूधसागर पलीकडच्या डोंगरावरून काढायचा असेल तर त्याचा उपयोग. तिकडे ऊन आणि तू ढगात, मग टोपी काय मोजणार? स्पॉटने पाण्याचा पांढरा मोजायचा आणि सांगेल त्याहून दोन स्टॉप जास्त उघडायचं. ते जमायला वेळ लागतो आणि मीटरही महाग.

खरं तर दोन-तीन महिने काहीच घेऊ नकोस. फोनवरचं मीटर वापर, पण आधी उजेड अंदाजाने वहीत लिही, मग फोन बघ. फोनही म्हशीला फसतो हे विसरू नकोस. तळहातावर रीडिंग घेऊन एक स्टॉप जास्त उघडलंस तर बहुतेक जमतं. तुझा आकडा आणि फोनचा आकडा कुठे फाटतात ते कळलं की मीटर हवं का, ते तुझं तुलाच कळेल.

मीटर घेतलंसच तर पावसाळ्यात सेल काढून ठेव. टोपीला बोटं लावू नकोस, पिवळी पडलेली टोपी उजेड खाते.

दिवाळीच्या सुट्टीत ये. म्हशी चारपर्यंत डबक्यात असतात, बगळ्याचं सांगता येत नाही. येताना १२० चे दोन रोल जास्तीचे आण, इकडे मिळत नाहीत.

तुझा,
मामा