अस्त्र आणि उपसंहार

अस्त्रविद्येचे दोन भाग महाभारताने मानले आहेत: एक प्रयोगाचा, दुसरा उपसंहाराचा. सौप्तिकपर्वाच्या अखेरीस अश्वत्थामा आणि अर्जुन समोरासमोर अस्त्रे सोडतात. व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात, तेव्हा अर्जुन आपले अस्त्र आवरून घेतो. अश्वत्थाम्याला मात्र ते साधत नाही, आणि त्याचे अस्त्र पांडवस्त्रियांच्या गर्भांवर जाऊन पडते. ज्यांचा युद्धाशी काहीही संबंध नाही, त्यांच्यावर ते पडते. अस्त्र निर्माण करण्याची किंवा सोडण्याची पात्रता कोणाला, या प्रश्नाचे व्यासांनी दिलेले हे उत्तर आहे. ज्याला सोडता येते पण परत घेता येत नाही, त्याचे ज्ञान अर्धे असते, आणि अर्धे ज्ञान निष्पापांना भोवते.

या जुन्या कथेची आठवण आजच्या एका वरवर क्षुल्लक छंदाने व्हावी, हे नवलाचे नाही. घरच्या टेबलावर विजेची उपकरणे जोडणारा हौशी माणूस धारित्रांची, म्हणजे कपॅसिटरांची, माळ जुळवतो. तिच्यात साठवलेली वीज क्षणार्धात मोकळी करून तीव्र उष्णता निर्माण करतो आणि त्या उष्णतेच्या रेट्याने एखादी वस्तू वेगाने फेकणारे, हातात धरून नेता येईल असे यंत्र बनवतो. १७४६च्या सुमारास युरोपात लायडनची बरणी प्रसिद्ध झाली, तेव्हापासून वीज साठवून एकदम सोडण्याचे आकर्षण मानवी मनाला आहे. या छंदाचे समर्थनही ठरलेले असते. कोणाला इजा करण्याचा हेतू नाही. जमते की नाही एवढेच पाहायचे आहे. निर्मितीचा आनंद हा नीतिनिरपेक्ष असतो, असे या समर्थनाचे गृहीतक आहे. ते तपासून पाहण्यासाठी कोलकात्याच्या इतिहासाइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल.

१८९५ साली जगदीशचंद्र बसू यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युत्‌चुंबकीय लहरींचा जाहीर प्रयोग केला. भिंतींच्या आरपार गेलेल्या अदृश्य लहरींनी दूरवर घंटा वाजवली आणि दारूचा स्फोटही घडवून आणला. हा प्रयोग बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासात आदराने नोंदवला जातो. दूर अंतरावरून स्फोट घडविण्याची क्लृप्ती म्हणून त्याची आठवण कोणी काढीत नाही. असे का व्हावे? दारू तीच, ठिणगीही तीच. बसूंचा प्रयोग सर्वांसमक्ष झाला, उपकरण त्यांच्या टेबलावरच राहिले आणि स्फोटाची व्याप्ती त्यांना आधीच ठाऊक होती, हा त्यातला फरक.

बसू ज्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवीत, त्याच कॉलेजचा एक विद्यार्थी उल्लासकर दत्त. वडील शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक. तेथील घरी उल्लासकरने स्फोटकांचे प्रयोग आरंभिले. त्याच सुमारास हेमचंद्र कानूनगो पॅरिसला जाऊन ही विद्या शिकत होते. त्यांच्याबरोबर शिकणारा महाराष्ट्रीय तरुण म्हणजे पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढे मुळशीच्या सत्याग्रहातून सेनापती म्हणून ओळखले गेलेले. रशियन क्रांतिकारकांकडून मिळालेली ही विद्या १९०८ साली कोलकात्यात आली आणि माणिकतल्याच्या मुरारीपुकुर बागेत तिला आश्रय मिळाला. त्या वर्षाच्या आरंभी देवघरजवळच्या टेकडीवर घेतलेल्या चाचणीत प्रफुल्ल चक्रवर्ती हा सहकारी ठार झाला व उल्लासकर जबर जखमी झाला. त्या विद्येचा पहिला बळी तिच्याच उपासकांपैकी होता.

हेमचंद्रांच्या एका कृतीत तर या साऱ्या प्रश्नाचे सार आले आहे. इंग्रज न्यायाधीश किंग्जफर्ड याच्यासाठी त्यांनी कायद्याचा एक जाडजूड ग्रंथ आतून पोखरला, त्यात कोकोच्या डब्यातला बॉम्ब बसवला आणि ते पुस्तक त्याच्या घरी पोहोचते केले. किंग्जफर्डने ते उघडलेच नाही. मृत्यू पोटात घेऊन तो ग्रंथ इतर ग्रंथांत पडून राहिला. घरातल्या कोणाही निरपराध माणसाने तो सहज उघडला असता! टाउन हॉलमधील टेबल आणि हे पुस्तक यांत जे अंतर आहे, ते विज्ञान आणि अपराध यांच्यातील अंतर आहे असे म्हणण्याचा मोह होतो. पण पारतंत्र्यात गुप्तता ही निवड नसून सक्ती होती, हे विसरून चालणार नाही. खरे अंतर आणखी एका गोष्टीत आहे: पुस्तक दाराबाहेर गेले आणि कर्त्याची नजर त्याच्यापासून तुटली.

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफर्डची समजून जी घोडागाडी उडवली, तिच्यात केनेडी नावाच्या मायलेकी होत्या. धैर्य होते, त्यागाची सिद्धता होती. प्रफुल्लने पकडले जाण्याआधी स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि खुदिराम ऑगस्टमध्ये फासावर गेला. तरीही अस्त्र जायचे तेथे गेले नाही, आणि कोणाच्याही बलिदानाने ते परत घेता आले नाही.

या घटनेवर महाराष्ट्रात टिळकांनी ‘केसरी’त लिहिले आणि त्या लेखांबद्दल सहा वर्षांची शिक्षा भोगली. ९ जून १९०८च्या लेखातील त्यांचा एक विचार या विषयाच्या मुळाशी जातो. सरकार प्रजेची शस्त्रे काढून घेऊ शकते; बॉम्ब हा मात्र थोड्या सामग्रीतून आणि डोक्यातल्या विद्येतून तयार होतो, म्हणून दडपशाहीने तो नाहीसा होणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्फोटक द्रव्यांसंबंधीचा कायदा आदल्याच दिवशी मंजूर झाला होता. टिळकांच्या युक्तिवादाचा दुसरा निष्कर्ष असा की, विद्येवर बाहेरून पहारा बसवता येत नसेल, तर तो विद्या जाणणाऱ्याने आतून बसवला पाहिजे.

स्वतंत्र भारताच्या १९५९च्या शस्त्र अधिनियमाने अग्निशस्त्राची व्याख्या करताना स्फोटकाच्याच नव्हे, तर अन्य ऊर्जेच्या साहाय्याने प्रक्षेप्य फेकणारे साधनही तिच्यात घेतले आहे, आणि अग्निशस्त्र घडविण्यास परवाना आवश्यक ठरविला आहे. म्हणजे दारू नाही, केवळ वीज आहे, ही सबब कायद्याच्या दारातही टिकणे कठीण. परंतु नैतिक प्रश्न कायद्यापाशी संपत नाही. मुरारीपुकुरच्या तरुणांना निदान हेतू होता, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. उल्लासकरची फाशी जन्मठेपेवर आली, तरी अंदमानात त्याच्या मनाचा तोल गेला. हौशी निर्माता मात्र आपल्याला हेतूच नाही, म्हणून जबाबदारीही नाही, असे सुचवितो. वास्तविक हेतू नसल्यामुळे जबाबदारी वाढते. ज्या वस्तूला कर्त्याने काम नेमून दिलेले नाही, तिला ती उचलणारा पुढचा माणूस काम नेमून देतो.

म्हणूनच त्या यंत्राच्या वर्णनातील ‘हातात धरून नेता येईल असे’ हा भाग सर्वांत विचार करण्याजोगा आहे. टेबलाला जखडलेले उपकरण प्रश्न विचारण्यासाठी असते. ते उचलून नेण्याजोगे केले, की ते कुठे जाईल याचे उत्तर देण्याचा भार कर्त्यावर येतो. कौतुकाने पाहावयास आलेला मित्र, घरातले मूल, रात्रीचा चोर, यांपैकी कोणाच्याही हाती ते जाऊ शकते. धारित्राचा एक गुण या संदर्भात बोलका आहे: प्रवाह बंद केल्यावरही ते भार धरून ठेवते आणि बेसावध हाताला झटका देते. कर्ता निघून जातो. साठवलेली शक्ती मागे राहते.

निर्मितीचा आनंद खोटा नाही, आणि तो कोणी कोणाला नाकारू नये. बापटांचे आयुष्य या बाबतीत मननीय आहे. पॅरिसहून बॉम्बविद्या घेऊन आलेला हा माणूस पुढे पारनेरला परतला आणि हाती झाडू घेऊन गावातले रस्ते झाडू लागला. कौशल्य गेले नव्हते, निश्चयही तोच होता. झाडूने केलेल्या कामाचे फळ मात्र गावाच्या आणि कर्त्याच्या डोळ्यांसमोर राहत होते. हौशी निर्मात्याला विचारायचा प्रश्नही तोच आहे: हे बनवता येईल काय, एवढ्यावर न थांबता, बनल्यावर त्याच्याजवळ शेवटपर्यंत उभे राहता येईल काय, हे त्याने पाहिले आहे का?